रिमवर्ल्डमधला दवाखाना: खाटेआधी फरशी

इंदूरला रामबागेत आमच्याकडे सुट्टीत आलेली भाची परवा रिमवर्ल्ड हा वसाहत वसवण्याचा संगणकीय खेळ खेळताना वैतागून म्हणाली, "मामा, डॉक्टर चांगला आहे, औषधही आहे, तरी जखमा चिघळतातच!" पडद्यावर पाहिलं तर जखमींच्या खाटा कोठारात, शेजारी खाटकाचं टेबल आणि खाली उघडी माती.

इथेच गडबड होते. या खेळात खोलीच्या स्वच्छतेवर संसर्गाची शक्यता आणि शस्त्रक्रियेचं यश ठरतं. दवाखान्याला वेगळी, दिवा असलेली खोली द्या. सुरुवातीला साधी दगडी फरशी चालेल. संशोधन झालं की निर्जंतुक फरशी घाला. एका चौकोनाला 12 चांदी आणि 3 पोलाद लागतं, म्हणजे 5 बाय 5 च्या खोलीला 300 चांदी. महाग वाटेल, पण डॉक्टर गमावण्यापेक्षा परवडतं. ही खोली 'होम एरिया'त, म्हणजे वसाहतीच्या नेमून दिलेल्या हद्दीत आहे ना, ते नक्की बघा. नसेल तर झाडायला कोणी फिरकतच नाही.

खाटांवर 'मेडिकल'ची खूण करायला विसरू नका. दुसरा डॉक्टरही तयार ठेवा, कारण स्वतःवर केलेला उपचार कमी दर्जाचा होतो.

संसर्ग झालाच, तर संसर्ग आणि प्रतिकारशक्ती यांत आधी शंभर टक्के कोण गाठतं, ही शर्यत असते. भाचीच्या वसाहतीतल्या एका गड्याचा संसर्ग 62 टक्के, प्रतिकारशक्ती 58. त्याला लगेच खाटेवर झोपवलं, कारण विश्रांतीने प्रतिकारशक्ती वेगाने वाढते. चांगलं औषध अशा वेळेसाठीच राखा. मुका मार औषधाविनाही बरा होतो.