शेजारच्या मावशींची आठवण कशी जपावी

शेजारचं माणूस गेलं की आपल्याला सुतक नसतं. कचेरीत रजा मागताना 'कोण लागत होत्या?' या प्रश्नाला धड उत्तर देता येत नाही. पण ज्यांच्या हातचं खाऊन आपण वाढलो, ज्यांच्या दारात शाळेचं दप्तर टाकून खेळायला पळालो, ते माणूस गेल्यावर आपल्या घरातलंच कोणी गेलेलं असतं. अशा माणसाची आठवण नीट कशी राखावी, हे मी आमच्या मावशी गेल्यानंतर जे जे केलं त्यावरून सांगते.

मावशी लालबागला आमच्या चाळीत समोरच्या खोलीत राहायच्या. सातारा जिल्ह्यातल्या पाटणकडच्या. लग्न होऊन मुंबईला आल्या आणि पुढे कितीतरी वर्षं गिरणी कामगारांची खानावळ चालवली. दहा बाय बाराची खोली, तीत घरची माणसं, आणि पाळीप्रमाणे जेवायला येणारे 'मेंबर'. गिरणीचा भोंगा झाला की जिन्यावर पावलं वाजायची आणि मावशींचा तवा तापलेला असायचा. त्यांच्या मुलांना त्या आई म्हणून माहीत, नातवंडांना आजी म्हणून. त्या मजल्याला कोण होत्या, हे मात्र आम्हा शेजाऱ्यांनाच ठाऊक. तेवढं लिहून ठेवण्याचं काम शेजाऱ्याचं आहे, ते दुसरं कोणी करणार नाही.

सुरुवात घाईनं करू नका. पहिले तेरा दिवस आठवणी गोळा करायचे नसतात. त्या दिवसांत पाणी भरून ठेवा, दोन वेळचं जेवण पाठवा, गावच्या आणि जुन्या बिऱ्हाडांच्या माणसांना फोन करा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, तिच्या कागदांसाठी घरातल्या कोणाबरोबर जा. दहाव्याला जमलं तर जरूर जा. बाणगंगेवर पिंड ठेवून सगळे थांबले होते, कावळा शिवेना. मुलानं, सुनेनं जे कबूल करायचं ते करून झालं. मग आमच्या मजल्यावरचे काका पुढे झाले आणि म्हणाले, 'मावशी, गॅलरीतल्या तुळशीला रोज पाणी घालू, काळजी करू नका.' आयुष्यभर गॅलरीत समोरासमोर राहिलेल्या माणसालाच हे सुचतं. घरच्यांनाही त्या दिवशी ते जाणवलं, आणि पुढे त्यांच्याकडे काही मागताना मला अवघड गेलं नाही.

तेरावं झाल्यावर घरच्यांची परवानगी घ्या. 'मला मावशींबद्दल लिहून ठेवायचंय, तुम्हाला चालेल ना? लिहून झालं की पहिली प्रत तुमची,' इतकं स्पष्ट बोला. कोणी नको म्हणालं तर आपल्या वहीपुरतं लिहा, बाहेर काही देऊ नका.

मग माणसांना भेटायला लागा. इथे प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. 'मावशी कशा होत्या?' असं विचारलंत की 'फार प्रेमळ हो, देवमाणूस' एवढंच हाती लागतं. त्याऐवजी असं विचारा: त्या तुला काय म्हणून हाक मारायच्या? दारात कुठल्या बाजूला बसायच्या? रागावल्या की काय बोलायच्या? त्यांच्याकडे पहिल्यांदा काय खाल्लंस? मग माणूस थांबतो, आठवतो, आणि खरं काहीतरी सांगतो. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ ऐन तारुण्यात मावशींकडे मेंबर होते. ते म्हणाले, 'रातपाळीहून आलो की त्या आधी हात बघायच्या माझे. कापसाची बारीक फुणकी चिकटलेली असायची. म्हणायच्या, धुऊन ये, मग भाकरी. आणि भाकरी ताटात पडायच्या आधी विचारायच्या, घरला पैसं धाडलंस का रं?' हे मी जसंच्या तसं लिहिलं. 'पैसं' चं 'पैसे' करू नका, 'धाडलंस' चं 'पाठवलेस' करू नका. तुमच्या माणसाची बोली मालवणी असो, अहिराणी असो, वऱ्हाडी असो, सुधारून लिहिलीत की माणूस निसटतं.

जुन्या माणसांना साल आठवत नाही. त्यांना साल विचारूच नका, घटना विचारा. ट्राम बंद झाली तेव्हा तुम्ही मुंबईत होता का? (मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली.) कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मोठा मुलगा झाला होता का? ती तारीख ११ डिसेंबर १९६७, आणि पाटणकडच्या माणसाला ती रात्र विसरता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायची, तिच्या भाकरी कोणी खाल्ल्या होत्या? २६ जुलै २००५ ला पावसात कोण कुठे अडकलं होतं? अशा चार-पाच खुंट्या ठोकल्या की बाकीचं आयुष्य त्यांच्यावर आपोआप टांगलं जातं. मावशी आपलं वय सांगताना म्हणायच्या, 'लालबागच्या राजाचं मंडळ निघालं त्या सालची मी.' म्हणजे १९३४. दुसरा पुरावा त्यांच्याकडे नव्हता आणि मला तो लागलाही नाही.

कागदांची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण इथे फार नासधूस होते. खोली आवरताना लोक दागिने आणि बँकेची पुस्तकं बाजूला काढतात आणि बाकीचं रद्दीत घालतात. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एक दिवस मागून घ्या. मावशींच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली उधारीची वही होती. लाल कापडी बांधणीची, कोपऱ्यांना तेल पिऊन काळी पडलेली. मावशींना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे मुलाच्या शाळकरी अक्षरात नावं होती: 'बेळगावचा उंच', 'पाटणचा धाकटा', 'साचेवाला'. प्रत्येकापुढे महिन्याचे आकडे, आणि पगार झाल्यावर मारलेली आडवी रेघ. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, बरेच गावाला गेले ते परत आलेच नाहीत. वहीत त्या पानापासून पुढे आडव्या रेघा थांबतात. तरी नावांपुढचे आकडे काही महिने वाढतच राहिले आहेत, म्हणजे मावशी जेवायला घालतच होत्या. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. ती वही रद्दीत गेली असती तर आम्हाला कळलंही नसतं.

त्याच ट्रंकेत अन्नपूर्णा महिला मंडळाचे कागद होते. खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली हे मंडळ उभं केलं. आपलं माणूस एखाद्या मोठ्या घडामोडीत कुठे उभं होतं, ते अशा चतकोर कागदांवरून कळतं. मात्र उधारीची पानं, आधार कार्ड, आजारपणाचे कागद व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका. त्या वहीत ज्यांची नावं आहेत त्यांची मुलं-नातवंडं आज आपल्या आसपासच राहतात.

घरात फोटो नसेल तर गणेशोत्सव मंडळाकडे जा. जुने अहवाल, वर्गणीच्या याद्या, हळदीकुंकवाचे आणि मंडपातले समूहफोटो तिथे कपाटात पडलेले असतात. मावशींचा तरुणपणीचा आम्हाला मिळालेला एकमेव फोटो तसाच मिळाला, महाप्रसादाच्या पंगतीत वाढताना, हातात आमटीची बादली. जुन्या अल्बमच्या चिकट पानावरचा फोटो ओढून काढू नका, फाटतो. पान तसंच ठेवून खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाईलवर घ्या. लहान फोटो स्कॅन करायचा तर ६०० डीपीआयवर करा, नंतर मोठा करता येतो. लॅमिनेशन करू नका. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं डावीकडून उजवीकडे नावं लिहा, बॉलपेन दाबून लिहिलं की पुढे उमटतं.

आवाजाचंही बघा. तुमच्या फोनमध्ये त्यांचा एखादा व्हॉइस मेसेज असेलच, निदान 'जेवलीस का गं?' एवढा तरी. तो तिथेच राहू देऊ नका, फोन बदलला की जातो. बाहेर काढा, तारखेचं नाव द्या, एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक घरच्यांच्या फोनवर ठेवा.

आता चव. मावशींच्या कांदा-लसूण मसाल्याचं माप कुठेच लिहिलेलं नव्हतं. मिरची त्या मसाला गल्लीतून स्वतः निवडून आणायच्या आणि डंखावर समोर उभं राहून कुटून घ्यायच्या. माप म्हणजे त्यांचं पितळी चिपटं आणि मूठ. चिपटं-मापटं गावोगाव वेगळं असतं, म्हणून पुस्तकातलं कोष्टक वापरू नका. त्यांचंच भांडं घ्या, त्यात धणे भरा आणि वजनकाट्यावर तोला. मग खोबरं, मग तीळ. प्रत्येक जिन्नस वेगळा तोलायचा, कारण एकाच चिपट्यात धणे आणि तीळ सारख्या वजनाचे मावत नाहीत. मुठीसाठी त्यांच्या शेजारी बसून मसाला भाजलेली सून किंवा लेक गाठा आणि तिलाच मूठ घालायला सांगा. थोडा मसाला करा, आमटी करा, आणि ज्यांनी ती पूर्वी खाल्ली आहे अशा तिघा-चौघांना जेवायला बोलवा. आमच्याकडे एकानं पहिल्या घासाला सांगितलं, 'खोबरं कमी भाजलंय, मावशी काळं करायच्या.' पुढच्या खेपेला काळं केलं. अशी दुरुस्ती करत करत माप ठरलं, ते ग्रॅममध्ये लिहून मजल्यावरच्या प्रत्येक घरी दिलं.

चाळ पुनर्विकासात जाणार असेल तर घरं रिकामी होण्याआधी मजल्याचा नकाशा वहीत काढा. कुठल्या खोलीत कोण, नळ कुठे, पापड कुठे वाळायचे, मावशींचा पाट कुठे असायचा. सकाळी नळाला पाणी येतं त्या वेळी गॅलरीतून हळू चालत एक व्हिडिओ घ्या, आवाजासकट. टॉवर उभा राहिल्यावर हे कोणालाही सांगून समजत नाही.

वर्षाचं काय करायचं, हेही लोक विचारतात. श्राद्ध घरचे करतील, त्यात आपण लुडबुड करायची नाही. पण आपल्या रीतीत परक्यासाठी जागा नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तर्पणात जे आपले बांधव नाहीत त्यांच्याही तृप्तीसाठी पाणी सोडतात, आणि माघ शुद्ध अष्टमीला निपुत्रिक भीष्मांसाठी कोणीही तर्पण करतं. सर्वपित्रीला, म्हणजे भाद्रपद अमावास्येला, मी मावशींचं एक पान वाढते. आमटी, भाकरी, खर्डा, भात. तुमचा अशा रीतींवर विश्वास नसेल तर त्या दिवशी कोणाला तरी जेवायला घाला.

आम्ही मजल्यावरची मंडळी वर्गणी काढून परळला, टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेल्यांच्या नातेवाइकांना जेवण देणाऱ्या एका संस्थेकडे पैसे देतो. पेशंटला बाहेरचं अन्न चालत नाही आणि रस्त्यावर स्वतः वाटायला गेलं की वाया जातं, म्हणून आधीपासून हे काम करणाऱ्यांना गाठा. कुठल्या दिवशी किती ताटं कमी पडतात हे त्यांना विचारा आणि तो दिवस घ्या, भले तो पुण्यतिथीचा नसेना. पावतीवर देणाऱ्याच्या नावाच्या जागी आम्ही 'मावशींचे मेंबर' असं लिहायला सांगतो.