धुऱ्यालगतचं सोयाबीन वेगळं सोंगा

मंडळी, सोयाबीन पिवळं पडायला लागलंय, सोंगणी, म्हणजे कापणी, आलीच आता. ज्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुलिंब, बाभूळ, सागवान आहे त्यांनी यंदा एवढं तरी करा, सावलीतला पट्टा बाकीच्या मालात मिसळू नका.

वावराच्या मधल्या शेंगा खुळखुळ वाजत असतात तेव्हा झाडाखालच्या अजून हिरव्याच असतात, दाणा भरायच्या वेळी ऊन कमी पडलं की तो बारीक राहतो, पिकतोही उशिरा. सप्टेंबर संपताना सूर्य दक्षिणेला कलतो म्हणून दक्षिण धुऱ्याची झाडं आपल्याच पिकावर सावली टाकतात, अन् पूर्वेला दाट झाडं असली की दव लवकर सुकत नाही मग शेंगांवर बुरशी, दाण्यावर जांभळे डाग. सगळं एकदमच हडंब्यात, म्हणजे मळणी यंत्रात, घातलं की व्यापारी मूठभर माल तळहातावर पसरतो, चार हिरवे दाणे बोटानं बाजूला करतो आणि अख्ख्या ढिगाचा भाव पाडतो. हिरव्या दाण्यानं तेलाला हिरवट रंग येतो, त्यामुळं मिलवाल्यांनाही तो नकोच असतो.

तर सावलीतल्या त्या पाच-सात ओळी आठवडाभर उभ्या ठेवा, शेंगा तपकिरी झाल्या की मगच कापा, पण पाऊस दिसत असेल तर थांबत बसू नका. हमीभावाच्या खरेदीला ओलावा 12 टक्के लागतो, 2024 ला 15 पर्यंत सूट दिली होती पण तिच्या भरवशावर राहू नका. घरचं बियाणं ठेवायचं तर ते मधल्या पट्ट्यातलंच, हडंब्याचा स्पीड कमी ठेवून काढा, सोयाबीनचं टरफल लई नाजूक असतं, आणि पेरायच्या आधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा, 70 तरी उगवले पाहिजेत.

झाडं तोडा असं मी म्हणत नाही हां. ब्राझीलमध्ये निलगिरीच्या दोन रांगांत भरपूर अंतर सोडून मध्ये सोयाबीन घेतात, मागून गवत अन् गुरं. आपल्याकडं एवढी जागा कुठून आणायची, म्हणून मे महिन्यात खालच्या फांद्या छाटा, पाला शेळ्यांना होतो. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलंच टाका, त्यानं जमिनीत ओल टिकते आणि शेंगा भरताना पावसानं ताण दिला तरी दाणा तग धरतो. कच्च्या शेणात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, वाढते, तिचे भुंगेरे पहिल्या पावसात लिंब-बाभळीवरच बसतात, तवा रात्री फांद्या हलवून ते गोळा करा न् रॉकेलच्या पाण्यात टाका.

सोंगणी झाली तरी काळ्या रानात वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा ओल निघून जाईपर्यंत, गुरं सोडू नका, जमीन चोपून जाते. कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, खुशाल घाला, पण सांडलेल्या सोयाबीनच्या ढिगावर बैल मोकळा राहू देऊ नका, जास्त खाल्लं की पोट फुगतं.