गाडीची सीट धुवायची नसते भो! या चुका टाळा

पावसाळा लागला की महिनाभर आणि मग दसऱ्याच्या आधी आठ दिवस माझ्या दुकानात एकच वाक्य ऐकू येतं, "भाऊ, वास काही जात नही." मी गाडीचं दार बी उघडत नाही, आधी विचारतो, सीट धुतली का? समोरचा अभिमानाने सांगतो, हो ना, मस्त रगडून धुतली.

तिथेच चुकलं. सीट धुवायची नसते, पुसायची असते. जळगावात कुशन अन् सीट कव्हरचं काम करून मला वीसेक वर्षं झाली, त्याआधी वडील हेच करायचे, तेव्हा जीपच्या सीटमध्ये स्प्रिंगा अन् काथ्या असायचा, भिजलं तर दोन दिवस गच्चीवर टाकलं की काम भागायचं. आता आत पीयू फोम असतो, म्हणजे भांडी घासायच्या स्पंजाचा मोठा भाऊ. त्यात पाणी दोन मिनिटांत शिरतं अन् बाहेर यायला चार-पाच दिवस घेतं, तेही दारं उघडी ठेवून पंखा लावला तर. वरचं कापड मात्र दोन तासात कोरडं लागतं, म्हणून लोकांना वाटतं झालं वाळलं.

यावलकडचे एक केळीवाले आबा आहेत, जुनं गिऱ्हाईक. सात सीटर गाडी, घरात पोराचा साखरपुडा, व्याही मंडळींना आणायला हीच गाडी जाणार. श्रावणातले दिवस. पोराने काय केलं, फवारणीचा एचटीपी पंप काढला, गन लावली अन् तिन्ही रांगांच्या सीटा आतून धुऊन काढल्या, वरून कपडे धुवायची पावडर टाकली मूठभर, का तर फेस चांगला यायला पाहिजे. बाहेर पावसाची भुरभुर म्हणून काचा लावून गाडी शेडमध्ये. सहाव्या दिवशी आबांचा फोन, गाडीत बसवत नाही, काहीतरी मेलंय बहुतेक सीटखाली. उंदीर शोधून झाला होता तोवर. वरून अत्तर मारलं होतं, ते वेगळंच.

गाडी आली तेव्हा दार उघडताच मी दोन पावलं मागे सरकलो. ड्रायव्हरची सीट उतरवली, खालच्या रिंगा कापून कव्हर सोललं, आत फोमवर पांढरी बुरशी, कापसाच्या बोंडासारखी फुललेली. फोम दाबला तर माझ्या चपलेवर पाणी, सहा दिवसांनंतर! लोखंडी फ्रेमला तांबडा गंज धरलेला. शेजारच्या सीटवर कोणी बसलेलं नसताना सीटबेल्टचा बीप बीप चालूच, कारण सीटमध्ये माणूस बसलाय का ओळखणारा सेन्सर असतो अन् तो भिजला होता. दोन सीटांचे फोम बदलावे लागले, बाकीचे चार दिवस टेबल फॅनसमोर उभे. व्याह्यांना आणायला भाड्याची गाडी गेली. आबा पोराला काही बोलले नाहीत, माझ्याकडेच बघून म्हणाले, "तुम्ही तर सांगायचं ना." आता काय बोलावं!

आणि ती पावडर. मूठभर पावडर कापडातून पूर्ण निघतच नाही, कारण खळखळून धुता येत नाही ना सीट. मग ती आत राहते, घाम लागला की चिकट होते, महिन्याभरात सीट पहिल्यापेक्षा काळी. त्यात बोअरचं खारं पाणी असेल तर वाळल्यावर पांढरे गोल डाग, नकाशासारखे. पिण्याचं पाणी घ्या, लागतंच किती, अर्धी बादली बी नाही.

मी काय करतो ते सांगतो, ही माझी सवय आहे, कोणी वेगळं करत असेल तर करू द्या. आधी कोरडी धूळ. आपल्याकडे कापसाच्या सीझनमध्ये अन् उन्हाळ्याच्या वावटळीत सीटमध्ये जी बारीक माती बसते ती ओली केली की चिखल, मग घासा रात्रभर. मी जुना टॉवेल भिजवून घट्ट पिळतो, सीटवर अंथरतो अन् वरून लाटण्याने थोपटतो, हलक्या हाताने. टॉवेल उचलून उलटा केला की त्यावर सीटचा फोटो निघालेला असतो मातीचा, शिलाईच्या रेघांसकट. दोन-तीनदा हे केलं की मग व्हॅक्यूम. त्यानंतर मगभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब किंवा लहान पोरांचा शांपू, खळबळून फेस करायचा अन् फक्त फेस ब्रशवर घ्यायचा, पाणी नाही. वीतभर जागा घासायची, लगेच ओल्या फडक्याने पुसायची, लगेच कोरड्याने टिपायची. मग पुढची वीत. एक सीट झाली की चहा. एका दिवसात अख्खी गाडी करायला जाऊ नका, घाईच्या लोकांच्या जिवावर तर माझं दुकान चालतं.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे, म्हणून सांगायला लाज वाटते. केळीचा चीक. आमच्याकडे रावेर, यावल, चोपड्याच्या गाड्या जास्त, अन् केळी कापणीहून आलेला माणूस तसाच सीटवर बसतो. चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो, कळत बी नाही, हवा लागली की हळूहळू तपकिरी होतो अन् मग काळपट. त्याचा रंग कापडात मुरतो. नवीन होतो तेव्हा एका भाऊंच्या बेज सीटवर असा डाग आला, मी हुशारी केली, कपड्याचं ब्लीच बोळ्याने लावलं. डागाच्या भोवतीचा सीटचा रंग उडाला, डाग तिथेच! पांढऱ्या गोलाच्या मधोमध तपकिरी ठिपका, तळलेल्या अंड्यासारखा. खिशातून नवीन कव्हर घालून दिलं, घरी कोणाला सांगितलं नाही.

तेव्हा चीक लागला हे दिसल्या दिसल्या गार पाणी अन् साबण, तिथल्या तिथे, घरी जाऊन नाही. वाळला असेल तर मेडिकलमधलं स्पिरिट फडक्यावर घेऊन आधी सीटच्या मागे खाली जिथे कोणी बघत नाही तिथे लावून बघा, रंग सुटला नाही तरच डागावर टिपा. फिका होईल. पूर्ण जाईल असं सांगणाऱ्याला आधी पैसे देऊ नका. त्यापेक्षा कापणीच्या दिवसात सीटवर जुनी चादर टाका, दहा रुपयाचं काम नाही.

दूध सांडलं तर गरम पाणी नको, गरमाने दूध कापडात धरून बसतं. गार पाण्याने टिपा, वाळलं की खायचा सोडा भुरभुरा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम. भरीत पार्टीहून येताना तेल सांडलं, किंवा हेडरेस्टला डोक्याचं तेल लागलं, तर पाणी लावायच्या आधी टाल्कम पावडर दाबून ठेवा तासभर. डाग घासू नका, टिपा, घासला की पसरतो अन् कापडाला गोळे येतात. गुटख्याच्या डागाबद्दल मला विचारू नका, त्याला मी हात लावत नाही.

रेक्झिनवाल्यांनी थिनर अन् पेट्रोल लांब ठेवा. पुसल्यावर चकाचक दिसतं, पण रेक्झिन मऊ ठेवणारा अंश त्यात निघून जातो, मग मे महिन्यात ४५ डिग्रीला उन्हात उभी गाडी, अन् दिवाळीपर्यंत भेगा. अन् बाजारात 'लेदर' म्हणून मिळतं ते बहुतेक लेदर नसतंच, रेक्झिनच असतं, त्याला लेदरचं महागडं क्रीम चोळून काय उपयोग. डॅशबोर्डचं पॉलिश सीटवर मारणारे बी आहेत, ब्रेक मारला की घसरून पुढे येतात, वर धूळ चिकटते ती वेगळी.

सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचा टॅग शिवलेला असेल तर साधं घट्ट कव्हर घालू नका, बॅग तिथूनच फाडून बाहेर येते, कव्हरने अडवली तर कामाची नाही. त्या बाजूला खास शिलाईचं कव्हर मिळतं. सीटखाली पिवळं कनेक्टर दिसलं तर ते एअरबॅगच्या वायरीचं असतं, बॅटरीची वायर काढल्याशिवाय त्याला हात नाही. सीटबेल्टला ब्लीच किंवा ॲसिड लावायचं नाही, पट्ट्याचे धागे कमजोर होतात, साधं साबणपाणी अन् पट्टा पूर्ण बाहेर ओढून सावलीत वाळवायचा.

आता ज्यांनी सीट धुतलीच नाही तरी वास येतो, त्यांनी सीटला शिव्या देऊ नका. ड्रायव्हरशेजारच्या माणसाच्या पायाखालचं कार्पेट दाबून बघा. ओलं लागलं तर बहुतेक एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी धुळीने बंद झाली आहे, पाणी आतच पडतंय. एसी चालू ठेवून गाडीखाली बघा, थेंब पडत नसतील तर हेच. नळी साफ करून घ्या, कार्पेट उचलून वाळवा. दरसाल यात तीन-चार जण माझ्याकडे सीट बदलायला येतात अन् मी त्यांना गॅरेजला पाठवतो, धंद्याचं नुकसान करून.

अन् हो, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी आणून "संध्याकाळपर्यंत द्या ना भो" म्हणू नका. मी देतो बी. पण पूजेला बसताना खाली पिशवी घेऊन बसा, सीट ओलीच असेल.