श्वासावाटे जाणारी धूळ आणि तंतू: कामाच्या जागी या चुका टाळा

दगड, काँक्रीट किंवा टाइल कापताना जो पांढरा ढग उठतो, त्यातला वजनाने मोठा हिस्सा फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतच नाही. १० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण नाकात आणि घशात अडकतात, शेंबडावाटे किंवा थुंकीवाटे बाहेर पडतात. त्याहून थोडे लहान कण श्वासनलिकांच्या चिकट अस्तरावर बसतात आणि तिथले सूक्ष्म केस त्यांना वर ढकलतात. वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसाच्या टोकाच्या बारीक हवेच्या पिशव्यांपर्यंत, उतरतात ते साधारण ४ मायक्रॉनचे आणि त्याहून बारीक कण. माणसाचा केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे खरा घातक माल नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. धुळीच्या कामातल्या बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे. दिसेल तेवढीच धूळ आणि खोकला येईल तेवढाच त्रास, असा हिशेब धरला की पुढचं सगळं चुकत जातं.

ढग बसला की मास्क उतरवणं

कटर बंद झाला, दोन-तीन मिनिटांत समोरचं नीट दिसू लागलं, की मास्क गळ्यात येतो. गारगोटीचा १० मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून स्थिर हवेत सुमारे ३ मिनिटांत खाली येतो. त्याच गारगोटीच्या १ मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर उतरायला चार-साडेचार तास लागतात. तेही हवा स्थिर असेल तर. माणसं ये-जा करत असताना, पंखा फिरत असताना हे कण तरंगतच राहतात. हवा निवळल्यासारखी वाटते तेव्हा उरलेली असते ती नेमकी वायुकोशात शिरणारी धूळ. मास्क उतरवायचा तो आवराआवर संपवून, त्या जागेतून बाहेर पडल्यावर.

आवराआवरीतही घोळ होतो. कोरडा झाडू मारला की खाली बसलेले बारीक कण पुन्हा नाकाच्या उंचीवर येतात. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे किंवा मशीन झटकणं त्याहून वाईट, कारण धुळीचा झोत थेट चेहऱ्याजवळ उसळतो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी जाडी धूळ धरते आणि बारीक धूळ मागच्या बाजूने खोलीत परत सोडते. इथे हेपा फिल्टरचं यंत्रच लागतं. असा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो. हाच आकार कसोटीला घेण्याचं कारण असं की साधारण एवढे कण फिल्टरमधून सर्वांत सहज निसटतात. त्याहून बारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे फिरत फिल्टरच्या धाग्यांना जाऊन चिकटतात, म्हणून ते उलट जास्त पकडले जातात. यंत्रावर धुळीचा वर्ग लिहिलेला असेल तर सिलिकासाठी (दगडातला गारगोटीचा घटक) एम किंवा एच, आणि ॲस्बेस्टॉससाठी (जुन्या सिमेंटच्या पत्र्यांतलं तंतुमय खनिज) फक्त एच. फिल्टर झटकून साफ करू नका. झटकलात तर पकडलेलं सगळं पुन्हा हवेत जाईल.

पाणी मारलं, पण चुकीच्या जागी

कापण्याआधी दगडावर बादलीभर पाणी ओतणं हा समाधानाचा उपाय आहे. धूळ तयार होते ती ब्लेड आणि दगड जिथे घासतात त्या रेषेवर, दगडाच्या आतल्या कोरड्या थरातून. त्यामुळे पाणी ब्लेडवर, कापत असताना, सतत पडलं पाहिजे. हातात धरायच्या मोठ्या कट-ऑफ सॉसाठी मिनिटाला किमान अर्धा लिटर हे माप धरतात. धार तुटते आहे का, नोझल चिखलाने बुजलं आहे का, टाकीतला दाब कमी झाला आहे का, हे काम सुरू करण्याआधी बघायचं. विजेवर चालणाऱ्या हत्याराला गळती-संरक्षक स्विच हवाच आणि ते हत्यार पाण्यासह वापरण्यासाठी बनवलेलं असायला हवं.

दुसरी गफलत नंतर होते. खाली साचलेला राड तसाच सुकू दिला की त्याची पुन्हा भुकटी होते आणि पायांखाली चुरडून उडते. राड ओला असतानाच गोळा करून बंद पिशवीत भरा. भिंतीला भोक पाडण्यासारख्या कामात पाणी वापरता येत नाही; तिथे ड्रिलभोवती कव्हर लावून त्याला वरच्यासारखा व्हॅक्यूम जोडायचा.

सगळी दगडी धूळ सारखीच समजणं

धोका ठरवतो तो दगडातला स्फटिकरूप सिलिका, म्हणजे गारगोटीचा अंश. शुद्ध संगमरवरात तो अगदी थोडा असतो, ग्रॅनाइटमध्ये साधारण २० ते ४५ टक्के, वालुकाश्मात बहुधा ७० टक्क्यांच्या वर. राळ घालून बनवलेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यांमध्ये हे प्रमाण ९० टक्क्यांच्याही पुढे जातं. हे ओटे कोरडे कापणाऱ्या तरुण कारागिरांना काही वर्षांतच गंभीर सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने फुफ्फुसात व्रण पडण्याचा आजार) झाल्याचं अनेक देशांत दिसलं. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदी घातली. वाळूच्या झोताने जीन्सचं कापड विटवण्याच्या कामातही असंच घडलं आणि तुर्कस्तानने २००९ मध्ये ती पद्धत बंद केली.

सिलिका एवढी वाईट का? वायुकोशातली भक्षक पेशी कण गिळते, पण तो पचवू शकत नाही. गारगोटीचा पृष्ठभाग पेशीच्या आतली पाचक पिशवी फाडतो, पेशी मरते, कण मोकळा होतो, मग दुसरी पेशी त्याला गिळते. प्रत्येक फेरीत दाह वाढवणारी रसायनं सुटतात आणि भोवती व्रणाच्या गाठी तयार होतात, बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात आधी. ताज्या फुटलेल्या गारगोटीचा पृष्ठभाग जुन्या धुळीपेक्षा अधिक क्रियाशील असतो. म्हणून कापणी, घासणी आणि सँडब्लास्टिंग ही कामं सगळ्यांत वरच्या धोक्याची. स्फटिकरूप सिलिका माणसात कर्करोग घडवते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये नक्की केलं. मूत्रपिंडाचे आजार आणि संधिवाताचे काही प्रकारही तिच्याशी जोडलेले आहेत, हे सहसा कोणी सांगत नाही.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून: अमेरिकेत आठ तासांच्या सरासरीने मर्यादा आहे घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम. कष्टाच्या पाळीत माणूस सुमारे १० घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे दिवसभरात अर्धा मिलिग्रॅम. चिमटीतही धरता येणार नाही एवढी ही भुकटी.

तंतूंना साधी धूळ समजणं

गोल कणांचे नियम तंतूंना लागू करणं ही जाणकारांकडूनही होणारी चूक आहे. हवेतून वाहत जाताना तंतू आपल्या लांबीच्या दिशेने प्रवाहाशी जुळवून घेतो, म्हणून तो किती खोल जाणार हे मुख्यतः जाडीवर ठरतं. अर्धा मायक्रॉन जाड आणि २० मायक्रॉन लांब तंतू सहज वायुकोशात उतरतो. २० मायक्रॉन व्यासाचा गोल कण नाकातच अडकला असता. भक्षक पेशीचा स्वतःचा व्यास १५ ते २० मायक्रॉन. ती तंतूला एका टोकाकडून गिळायला लागते, पण पुरी पडत नाही. अर्धा तंतू बाहेर राहतो, पेशीचं तोंड मिटत नाही आणि पाचक रस व ऑक्सिजनचे मारक रेणू आजूबाजूला गळत राहतात. निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसमध्ये लोह असल्याने ही रासायनिक इजा आणखी वाढते. विभागणाऱ्या पेशीतल्या गुणसूत्रांच्या वाटणीतही तंतू अडथळा आणतात. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं. काही तंतू फुफ्फुसावरणापर्यंत पोहोचतात आणि तिथे मेसोथेलिओमा, म्हणजे त्या आवरणाचा कर्करोग, होतो, बहुधा पहिल्या संपर्कानंतर २० ते ५० वर्षांनी.

म्हणून कोणत्याही तंतूबद्दल लांबी किती, जाडी किती आणि शरीरात तो किती टिकतो, हे विचारायचं. काचलोकरीचे तंतू बरेचसे जाड असतात, फुफ्फुसातल्या द्रवात विरघळतात आणि आडवे तुटून आखूड होतात. त्वचेला खाज आणि घशाला खवखव होते, पण इन्सुलेशनची काचलोकर कर्करोगकारकांच्या यादीत नाही. भट्टीसाठीचे उष्णतारोधक सिरॅमिक तंतू मात्र शंकास्पद वर्गात आहेत.

‘पांढरा ॲस्बेस्टॉस चालतो’ हा समज सोडून द्या. पांढरे तंतू शरीरातून लवकर निघून जातात हे खरं, पण ॲस्बेस्टॉसचे सगळे सहा प्रकार कर्करोगकारक ठरलेले आहेत. खाणीत उतरलेल्यांनाच धोका, हाही गैरसमज. दक्षिण आफ्रिकेत संशोधक वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले; त्यांतल्या काहींनी खाणीत कधी कामच केलं नव्हतं, ते फक्त त्या परिसरात राहिले होते. आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी म्हणणाऱ्यांसाठी तुर्कस्तानातलं कराइन गाव आहे: तिथल्या मऊ दगडात एरिओनाइट नावाचं तंतुमय खनिज आहे, ते ॲस्बेस्टॉस नाही, तरी तिथे मेसोथेलिओमाने असंख्य बळी घेतले.

जुन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांबाबत नेहमीच्या चुका म्हणजे त्यांना ड्रिल मारणं, ग्राइंडरने कापणं, जोरदार फवाऱ्याने शेवाळ धुणं, वरून खाली फेकणं. पत्रा शाबूत असेल तर त्याला रंग किंवा सीलर लावून आहे तिथे ठेवणंच बरं. काढायचाच असेल तर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब टाका, कारण नुसतं पाणी तंतूंमध्ये नीट मुरत नाही. हलका फवारा मारा, बोल्ट खोला, पत्रा न तोडता अख्खा उतरवा, किमान १५० मायक्रॉन जाडीच्या प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा, वर खूण करा आणि धोकादायक कचऱ्यासाठी परवाना असलेल्यांकडे द्या. पत्र्यावर उभं राहू नका. जुना पत्रा वजनाने फुटतो. पाइपांवरचं भुसभुशीत आवरण किंवा छतावर फवारलेला थर असेल तर हात लावू नका, ते प्रशिक्षित पथकाचं काम आहे. एखाद्या वस्तूत ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तपासावा लागतो.

मास्कवर नको तेवढा भरवसा

रुमाल, कापडी मास्क आणि शस्त्रक्रियेचा मास्क यांचा इथे फारसा उपयोग नाही. हवा बाजूच्या फटींतून येते. एन ९५ चं कापड ९५ टक्के कण गाळतं, पण चेहऱ्याला नीट बसलेल्या अर्ध्या (फक्त नाक-तोंड झाकणाऱ्या) मास्कने प्रत्यक्षात धूळ दहाव्या हिश्शावर येईल एवढंच गृहीत धरतात. कोरड्या कापणीत हवेतली सिलिका मर्यादेच्या दहापटीहून सहज पुढे जाते, तेव्हा मास्क एकटा पुरत नाही. आधी पाणी किंवा धूळ खेचण्याची सोय, मग मास्क, हा क्रम उलटा करू नका.

बसवताना वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंच भागावर, खालचा कानांखालून मानेवर. दोन्ही एकाच जागी बांधले की हनुवटीखाली फट पडते. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून वळवा, एका चिमटीने टोकदार करू नका. मग दोन्ही तळहातांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा आली तर पुन्हा बसवा. दाढी असेल, अगदी दोन दिवसांचे खुंट असले तरी, कड बसत नाही. अशा वेळी मोटरने हवा पुरवणारं सैल शिरस्त्राण लागतं. रंगकामाची वायूरोधक काडतुसं धुळीसाठी नसतात, त्यांना कणांचा फिल्टर वेगळा जोडावा लागतो.

कामाचे कपडे घरी नेऊन घरच्या कपड्यांबरोबर झटकणं, धुणं यातून घरातल्या माणसांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी आहेत. कपडे जागेवरच बदला, ओले करून वेगळ्या पिशवीत ठेवा.

त्रास होईल तेव्हा बघू

जुनाट सिलिकोसिस बहुधा दहा वर्षांहून जास्त संपर्कानंतर दिसतो आणि काम सोडल्यावरही वाढत राहू शकतो, कारण कण आतच असतात. सुरुवातीला छातीचा एक्स-रे आणि फुंकणीची चाचणी दोन्ही साफ येऊ शकतात. शंका असेल तर बारीक छेदांचा सीटी स्कॅन आणि वायू-विनिमयाची चाचणी मागा. कामावर लागताना एकदा आणि पुढे किमान दर तीन वर्षांनी तपासणी करून जुने आकडे जपून ठेवा, कारण तुलना स्वतःच्याच आधीच्या आकड्यांशी करायची असते.

कापसाच्या धुळीचा त्रास याहून वेगळा: सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि पुढच्या दिवसांत कमी होते. त्यामुळे तो दम्यात किंवा सर्दीत खपून जातो.

सिगारेट ओढणाऱ्याने ‘आता काय फरक पडणार’ म्हणू नये. १९७९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात, धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस दोन्हींपासून दूर असलेल्यांच्या तुलनेत, फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचं प्रमाण फक्त ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात सुमारे ५ पट, फक्त धूम्रपानाने ११ पट आणि दोन्ही मिळून ५३ पट निघालं. मेसोथेलिओमावर धूम्रपानाचा परिणाम नाही, हा फरकही लक्षात ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना सध्याच्या कामापुरतं बोलू नका. शाळा सुटल्यापासून केलेली सगळी कामं, कोणता माल, कोरडं की ओलं, किती वर्षं, शेजारी कोण काय कापत होतं, असं कागदावर लिहून न्या. सिलिकोसिस आणि क्षयरोग एक्स-रेवर एकमेकांसारखे दिसतात, आणि सिलिकाने भक्षक पेशी दुबळ्या झाल्याने दोन्ही एकाच माणसाला होण्याची शक्यताही वाढते. क्षयाची औषधं पूर्ण घेऊनही डाग तसेच राहिले असतील तर धुळीचा इतिहास मांडा. आणि सिलिकोसिस आधीच ठरला असेल, तर नवीन ताप, घटतं वजन किंवा रक्ताची थुंकी दिसताच थुंकीची तपासणी करून घ्या.