ओळखीच्या बायकांसमोर डेमो देताना वाटणारी धास्ती कशी घालवावी

हळदीकुंकवाला किंवा भिशीला जमलेल्या दहा-बारा बायकांसमोर उभे राहून डबे, चॉपर किंवा तवा दाखवायचा म्हटले की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. गेली चौदा वर्षे मी ठाणे, डोंबिवली आणि कल्याण भागातल्या सोसायट्यांमध्ये स्वयंपाकघरातील वस्तूंचे डेमो करते आणि या कामात नव्याने येणाऱ्या बायकांना सोबत नेऊन शिकवते. त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकजण पहिल्या भेटीत सांगते, 'ताई, मला चारचौघांत बोलताच येत नाही.' पण तीच बाई जिन्यात उभी राहून शेजारणीला पुरणपोळीचे कणीक कसे तिंबायचे, हे न अडखळता अर्धा तास समजावून सांगते. म्हणजे अडचण बोलण्याची नाही. ज्यांच्या घरी आपण वाण घ्यायला जातो, ज्यांच्या मुलांबरोबर आपली मुले शिकवणीला जातात, त्यांच्याकडून पैसे घ्यायचे, हा संकोच घशाशी येऊन अडकलेला असतो. भाषण कसे करावे याचे धडे गिरवून तो जात नाही; त्यासाठी डेमोची मांडणीच बदलावी लागते.

पहिला बदल आमंत्रणात करावा. ज्यांच्या घरी डेमो आहे त्या यजमानीणबाईंना आधीच विनंती करावी की, 'सहज या, गप्पा मारू' असे मोघम न सांगता वस्तूंचा डेमो आहे हे बायकांना स्पष्ट सांगा, आणि घ्यायलाच हवे असे नाही हेही सांगा. नुसत्या गप्पांसाठी म्हणून आलेल्या बाईसमोर बॅग उघडताना कोणाचाही हात कापेल, कारण आपण तिला फसवून बसवले आहे हे आपल्या मनाला ठाऊक असते. थेट विक्रीसंबंधी केंद्र सरकारचे 2021 चे जे नियम आहेत, त्यांतही हीच अपेक्षा आहे: विक्रेत्याने पूर्वपरवानगीशिवाय घरी जाऊ नये, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि आपण कोण, कोणत्या कंपनीकडून आणि कशासाठी आलो आहोत, हे कोणी न विचारता सुरुवातीलाच सांगावे. नवख्या बाईला हा नियम म्हणजे आयते पहिले वाक्य आहे. मी ते असे म्हणते: 'नमस्कार, मी या कंपनीच्या वस्तू विकते. आज तीन वस्तू दाखवणार आहे, वीस मिनिटे लागतील. ज्यांना ऑर्डर द्यायची असेल त्यांनी नंतर चहाच्या वेळी द्यावी, आणि ज्यांना नसेल द्यायची त्यांनीही चहा घेऊनच जावे.' एवढे बोलून झाले की खोलीतल्या बायका जरा ऐसपैस बसतात, आणि त्यांना तसे बसलेले पाहून आपलाही श्वास मोकळा होतो. दाखवण्याची वेळ आणि विकण्याची वेळ या दोन गोष्टी अशा वेगळ्या केल्या की वीस मिनिटांपुरते आपण फक्त काहीतरी करून दाखवणारी बाई असतो, आणि ते काम आपल्याला जन्मभर येत असते.

दुसरा बदल म्हणजे लक्ष तोंडावरून हातांवर आणणे. घरगुती डेमोची पद्धत मुळात याच गरजेतून वाढली. अमेरिकेत टपरवेअरचे डबे दुकानांत मांडून फारसे खपत नव्हते, कारण ते झाकण कसे लावायचे हेच गिऱ्हाइकाला उमगत नसे. ब्राउनी वाइज या बाईंनी ते घरोघरी करून दाखवले, विक्री वाढली, आणि 1951 मध्ये कंपनीने दुकानांतून माल काढून घेऊन सगळा भर घरच्या डेमोवर दिला. बायका आपले वक्तृत्व ऐकायला येत नाहीत, झाकण कसे बसते ते बघायला येतात. एवढे लक्षात ठेवले तर 'मी कशी दिसते, कशी बोलते' हा प्रश्न बराचसा मागे पडतो.

मात्र हात स्वतःहून चालावेत एवढा सराव हवा, आणि तो पलंगावर बसून मनातल्या मनात केलेला चालत नाही. स्वतःच्या ओट्यापाशी उभे राहावे, डेमोला नेणार तीच वस्तू घ्यावी, तोच कांदा, तेच पाणी घ्यावे आणि मोठ्याने बोलत संपूर्ण डेमो किमान तीनदा करावा. उदाहरणार्थ, दोरी ओढायचा चॉपर. कांद्याच्या चार फोडी कराव्यात, भांडे निम्म्याहून जास्त भरू नये, डावा तळवा झाकणावर दाबून धरावा आणि उजव्या हाताने दोरी सरळ आडवी ओढावी. वर ओढली तर भांडे उचलले जाते आणि पाती अडकतात. दोरी ओढत असताना बोलू नये, कारण त्या आवाजात आपला आवाज चढतो आणि चढलेला आवाज आपल्यालाच घाबरवतो. आठ-दहा वेळा ओढावे, थांबावे, झाकण उघडावे, भांडे पुढे करावे आणि मग बोलावे. हात चालू असताना आपण गप्प राहिलो तर ऐकणाऱ्यांना ते मुळीच खटकत नाही, कारण त्यांचे डोळे कांद्यावर असतात. ही शांतता वापरायला शिकले की श्वास घ्यायला हक्काची जागा मिळते.

डब्याचेही तसेच आहे. कडेवर साखरेचा कण किंवा कोथिंबिरीचे पान अडकले असेल तर घट्ट झाकणही गळते, हे मी फार महागात शिकले. ठाण्यातल्या एका घरी, माझ्या तिसऱ्याच डेमोला, मी डब्यात कोकम सरबत भरून तो उलटा धरला आणि सरबताची धार यजमानीणबाईंच्या फिकट रंगाच्या सतरंजीवर पडली. कानशिले तापली, क्षणभर काही सुचेना. मग आधी सतरंजीवर ओले फडके टाकले, माफी मागितली, डबा उघडला, आणि कडेला चिकटलेले कोथिंबिरीचे पान बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवले. कड पुसली, झाकणाचा मध्यभाग दाबून एका बाजूने हवा काढली, झाकण बसवले आणि या वेळी साधे पाणी भरून डबा मोरीवर उलटा धरला. थेंबही पडला नाही. त्या दिवशी सर्वांत जास्त प्रश्न त्या कडेबद्दलच आले. तेव्हापासून नव्या बायकांना मी सांगते की काय काय बिघडू शकते याची आधीच यादी करा आणि प्रत्येकासाठी हाताचे एकेक काम ठरवून ठेवा. सांडले तर फडके कुठे आहे, दोरी अडकली तर झाकण कसे सोडवायचे, तवा इंडक्शनवर तापलाच नाही तर काय करायचे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरूनच द्यायचे असते: तव्याच्या बुडाला लोहचुंबक लावून बघावे, चिकटले नाही तर तो तवा इंडक्शनवर चालणार नाही, आणि अशा वेळी गॅसची शेगडी आहे का, हे फोनवरच विचारून ठेवावे.

शरीराचीही थोडी काळजी घ्यावी. डेमोच्या आधी छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, हात गार पडतात, कारण शरीर अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात सोडून तयारीला लागलेले असते. उपाशीपोटी कडक चहा घेऊन जाऊ नये, त्याने धडधड वाढते. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. चार अंक मोजत आत आणि सात-आठ अंक मोजत बाहेर, असे जिन्यातच पाच-सहा वेळा करावे. 'शांत हो, शांत हो' असे स्वतःला बजावण्याचा उपयोग कमी होतो. अमेरिकेतल्या संशोधक अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 मध्ये प्रयोगांतून दाखवले की भाषणासारख्या प्रसंगाआधी 'मला उत्साह वाटतो आहे' असे स्वतःशी म्हणणाऱ्यांची कामगिरी, स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. मला स्वतःला त्याहूनही आधार वाटतो तो सॅविट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांच्या 2003 च्या कामाचा: आपली घबराट समोरच्याला जेवढी दिसते असे आपल्याला वाटते, त्यापेक्षा ती बरीच कमी दिसते, आणि ही गोष्ट ज्यांना बोलण्याआधी सांगितली गेली ते अधिक चांगले बोलले. म्हणून मीही ती प्रत्येकीला दारात सांगते.

अर्धा तास आधी पोहोचावे. प्लगची जागा, उजेड कुठून येतो, गॅसजवळ पंख्याचा वारा लागतो का, हे पाहून घ्यावे आणि सामान मांडता मांडता लवकर आलेल्या दोघींशी बोलावे. त्यांतल्या एकीला लसूण सोलायला द्यावी, दुसरीला नंतर दोरी ओढायला बोलावीन म्हणून सांगून ठेवावे. डेमो सुरू होतो तेव्हा खोलीत आपल्या बाजूच्या दोन बायका आधीच असतात.

आता जो भाग खरोखर अवघड आहे त्याकडे येते. किंमत सांगताना बहुतेकींचा आवाज खाली जातो. 'फक्त', 'तशी महाग वाटेल, पण', 'तुमच्यासाठी म्हणून' अशी वाक्ये त्या किमतीभोवती गुंडाळतात आणि ऐकणारीला वाटते की यात काहीतरी गोम आहे. किमतीचाही सराव मोठ्याने करावा. 'आठशे पन्नास रुपये.' एवढे म्हणून थांबावे आणि मनात तीन अंक मोजावेत. त्या तीन अंकांत समोरची बाई स्वतःचा हिशेब करत असते. तो तिला करू द्यावा. छापील दरपत्रक हातोहात फिरवले तर किंमत प्रत्येक वेळी तोंडाने सांगावी लागत नाही. परत करण्याच्या आणि बदलून देण्याच्या अटी मात्र आपण होऊन सांगाव्यात. नियमांप्रमाणे ते बंधनकारक आहेच, शिवाय 'बिघडले तर काय' हा प्रश्न कोणी विचारण्याआधीच त्याचे उत्तर देऊन झालेले असते.

'मॉलमध्ये असाच डबा निम्म्या किमतीत मिळतो,' असे कोणीतरी म्हणतेच, आणि बहुधा वयाने मोठ्या असलेल्या एखाद्या काकू म्हणतात. त्यांना खोडून काढू नये. 'हो काकू, मिळतो. कोरडे पीठ ठेवायचे असेल तर तो पुरेल. आमटी घेऊन लोकलने जायचे असेल तर हा बघा,' एवढे सांगून डबा त्यांच्याच हातात द्यावा. मायक्रोवेव्हबद्दल विचारले तर डब्याच्या तळाशी काय छापले आहे ते वाचून दाखवावे. त्रिकोणातला 5 हा आकडा म्हणजे ते प्लास्टिक पॉलिप्रोपिलीन आहे एवढेच सांगतो, मायक्रोवेव्हची खूण वेगळी पाहावी लागते. उत्तर येत नसेल तर 'मला खात्री नाही, विचारून उद्या ग्रुपवर कळवते' असे म्हणून प्रश्न त्यांच्यासमोरच वहीत लिहावा. मी असे कितीदा तरी केले आहे आणि त्यामुळे एकही ऑर्डर गेल्याचे मला आठवत नाही.

माझ्या सुरुवातीच्या काळात, मी जिच्या हाताखाली काम करत होते त्या बाईने मला एक वाक्य पाठ करायला लावले होते: या भांड्यात शिजवलेले खाल्ले की साखर आटोक्यात राहते. बाकीचे सगळे मी नीट बोलत असे आणि नेमकी त्या वाक्याला अडखळत असे. माझा आत्मविश्वास कमी पडतो असे मला सांगण्यात आले आणि मी आरशासमोर तेच वाक्य पुन्हा पुन्हा घोकत राहिले. पुढे एका डेमोला मधुमेह असलेल्या एका आजींनी माझा हात धरून 'खरंच गं?' असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. ते वाक्य त्या दिवसापासून मी सोडले, आणि अडखळणेही थांबले. म्हणून कोणी शिकाऊ बाई दर वेळी एकाच जागी चाचरत असेल, तर मी तिला धीट व्हायला सांगत नाही. त्या जागी ती काय बोलते आहे, ते तिच्याकडून लिहून घेते. बहुतेक वेळा तिथे असा एखादा दावा सापडतो, ज्यावर तिचा स्वतःचाच विश्वास नसतो.

तसेच घरात पडून असलेल्या मालाचे. टार्गेट गाठायचे म्हणून स्वतःच्या पैशाने खोकी भरून घेतली की तो माल विकायचा दबाव प्रत्येक वाक्यात उतरतो आणि ओळखीच्या बायकांना तो लगेच जाणवतो. आधी ऑर्डर, मग माल, हा क्रम सोडू नये, आणि वरच्यांनी कितीही आग्रह केला तरी दिवाणाखाली साठा करू नये.

पहिल्या आणि दुसऱ्या डेमोमध्ये आठ दिवसांपेक्षा जास्त अंतर ठेवू नये, कारण मध्ये महिना गेला की धास्ती पुन्हा पहिल्याइतकीच होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा काळ नवख्या बाईला चांगला, कारण घरोघरी बायका एरवीही जमतात आणि दोन आठवड्यांत चार-पाच डेमो सहज होतात. एखाद्या संध्याकाळी एकही ऑर्डर येत नाही. तरीही यजमानीणबाईंसाठी नेलेली भेटवस्तू द्यावी, त्यांचा ओटा पुसून द्यावा, आवाज कुठे कापला ते वहीत एका ओळीत लिहावे आणि चॉपर उघडून झाकणातली रबराची कडी काढून पूर्ण कोरडी करावी, कारण ती ओली राहिली तर पुढच्या घरी झाकण उघडताच कांद्याचा शिळा वास येतो.