जुन्या लुगड्याची वाकळ: घोळ कुठे पडतो

एका माणसापुरत्या वाकळेला, म्हणजे गोधडीला, आठ मीटरचं एक जुनं सुती लुगडं आणि एक धोतर पुरतं. लुगड्यातून दोन-दोन मीटरचे दोन तुकडे वरच्या-खालच्या बाजूला ठेवायचे. उरलेलं लुगडं आणि धोतर दुमडून आत घालायचं. सहा थर झाले. त्याहून जास्त घातले तर सुई हाताने ओढायला जड जाते.

काठ आधी उसवून काढा. काठावर सुई मोडते आणि जरीचा असेल तर अंगाला टोचतो. तोच काठ शेवटी कडेला पट्टी म्हणून लावता येतो. पॉलिस्टरची साडी मात्र घालूच नका, ती आत सरकते आणि उन्हाळ्यात अंगाला घाम धरते.

खरी मेख अंथरण्यात आहे. कापड धुवून, कडक उन्हात वाळवून सारवलेल्या भुईवर किंवा फरशीवर ताणायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. मधून बाहेर तळहाताने दाबत जायचं आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घालायचे. ही पायरी टाळली की खालच्या थराला घोळ पडतो, आणि तो उलटून पाहीपर्यंत कळत नाही.

मग जाड सुती दोऱ्याने कडेपासून आत धावदोरा. दोन ओळींत दोन बोटं अंतर पुरे. दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की गुंततो. टाका करकचून ओढला तर चुण्या पडतात.

वाकळ वरून विरली, की तिच्यावरच नवीन कापड चढवतात.