विजेचा टूथब्रश टेकवावा, घासू नये

भांडी आणि दात या दोन्हींसाठी मराठीत 'घासणे' हे एकच क्रियापद आहे, आणि कोल्हापुरातल्या माझ्या पिढीने ते शब्दशः पाळले. लहानपणी राखुंडी, पुढे कडक केसांचा ब्रश, आणि दोन्हींच्या मागे मनगटाचा पुरेपूर जोर. राजारामपुरीतल्या दंतवैद्यांनी माझ्या डाव्या सुळ्याजवळ खाली सरकलेली हिरडी आणि तिच्या कडेला दातावर पडलेली खाच आरशात दाखवली, तेव्हा त्या जोराचा हिशेब लागला. उजव्या हाताने घासणाऱ्यांना असा त्रास बहुधा डाव्या बाजूला अधिक होतो. त्यांनी विजेचा ब्रश सुचवला, पण त्याबरोबर हाताला नवी सवय लावायला हवी, हेही बजावले.

दातांवर रोज साचणारा जंतूंचा थर मऊ असतो, त्यामुळे तो निघण्यासाठी जोर लागतच नाही. तोच थर कठीण होऊन त्याचे कीटण झाले, तर ते कितीही जोर लावला तरी ब्रशने निघत नाही; त्यासाठी दंतवैद्यांकडेच जावे लागते. म्हणजे जोर दोन्हीकडे निरुपयोगी आहे, आणि त्याची किंमत मात्र हिरडी मोजते. दाताचे इनॅमल, म्हणजे वरचे कठीण आवरण, एकदा झिजले की पुन्हा तयार होत नाही, आणि हिरडीखालच्या मुळावर तर इनॅमल नसतेच. म्हणून हिरडी सरकली की साध्या गार पाण्यानेही कळ येते.

विजेच्या ब्रशचे दोन मुख्य प्रकार आहेत. गोल डोक्याचा ब्रश वेगाने उलटसुलट अर्धवट फिरतो, तर लांबट डोक्याचा सोनिक ब्रश थरथरतो. अनेक सोनिक ब्रशांच्या हालचाली मिनिटाला सुमारे ३१,००० असतात. हुपरीचा चांदी कारागीर दागिना फिरत्या चाकाला नुसता लावतो आणि उजळण्याचे काम चाकाला करू देतो, तसेच इथे करायचे आहे. उलट ब्रश दाबला की त्याचे केस आडवे पडतात आणि ज्या टोकांनी सफाई व्हायची, ती टोकेच दातावरून बाजूला जातात.

सर्वांत आधी पकड बदलावी. ब्रश मुठीत न धरता पेनासारखा बोटांच्या टोकांत धरला, तर दंडाचा जोर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. दाबाचा अंदाज यावा म्हणून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बंद ब्रशचे केस टेकवून पाहावेत. १५० ग्रॅमच्या आसपास आकडा दिसला की तेवढा दाब पुरे. मी हा प्रयोग प्रथम केला, तेव्हा माझा नेहमीचा हात त्याच्या दुपटीहून पुढे गेला होता. दाब वाढल्यावर लाल दिवा लागणारा ब्रश मिळाला, तर थोडे जास्त पैसे देऊनही तोच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन ब्रश आधी दातावर टेकवावा आणि मगच सुरू करावा, म्हणजे फेस उडत नाही. सोनिक ब्रश हिरडीच्या कडेकडे सुमारे ४५ अंशांत कलता धरून अगदी सावकाश पुढे सरकवावा. गोल ब्रश प्रत्येक दातावर दोन-तीन सेकंद ठेवून, दाताच्या गोलाईने हिरडीच्या कडेपर्यंत नेऊन मग पुढच्या दातावर न्यावा. हात पुढेमागे चालवायचा नाही, हेच सर्वांत अवघड आहे, कारण वर्षानुवर्षांची सवय पहिल्या दहा सेकंदांतच डोके वर काढते. माझ्यापुरता उपाय असा की मी आरशासमोर उभा राहून दातांऐवजी मनगटाकडे पाहत असे. तोंडाचे चार भाग मानून प्रत्येकाला ३० सेकंद द्यावेत, म्हणजे दोन मिनिटे होतात. बहुतेक ब्रश दर ३० सेकंदांनी क्षणभर थांबून तशी खूण देतात. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि शेवटच्या दाढेची मागची बाजू हमखास राहते, म्हणून त्यांची आठवण ठेवावी. सुरुवातीला हिरड्यांना गुदगुल्या होतात, तेव्हा ब्रशचा सौम्य वेग निवडावा. काही दिवसांत ते अंगवळणी पडते.

लिंबू पिळलेली मिसळ किंवा उसाचा रस घेतल्यावर लगेच ब्रश करू नये. आंबटाने दाताचा पृष्ठभाग थोडा वेळ मऊ पडतो, म्हणून साध्या पाण्याने चूळ भरून निदान अर्धा तास थांबावे. मिश्री लावण्याची सवय असलेल्यांना मात्र मी कळकळीने सांगेन की ती आधी सोडावी, कारण तंबाखूने होणारे नुकसान कोणताही ब्रश भरून काढू शकत नाही.

ब्रशचे डोके दर तीन महिन्यांनी बदलावे. केस त्याआधीच फाकले, तर हात अजून जड आहे असे समजावे. माझे पहिले डोके पाच आठवड्यांत फाकले होते. सध्याच्या डोक्याला तिसरा महिना सुरू आहे आणि त्याचे केस अजून सरळ उभे आहेत.